बुकोविना : सरहद्दीवरची खानेसुमारी



कार्पेथियन पर्वताच्या पूर्व उतारावरचा बुकोविना हा मुलूख आज निम्मा युक्रेनात आणि निम्मा रुमानियात आहे. पूर्वी तो मोल्डेव्हियाच्या राजांकडे होता, आणि ते राजे तुर्की सुलतानाला खंडणी भरीत. १७७४ साली रशिया-तुर्कस्तान युद्ध संपताच ऑस्ट्रियाने तेथे सैन्य घातले व पुढल्याच वर्षी तह करून सुलतानाकडून तो पदरात पाडून घेतला. मुलखात वस्ती विरळ आणि नव्या अंमलाला रयत हवी. म्हणून रुमानियन व रुथेनियन (म्हणजे आजचे युक्रेनियन) शेतकऱ्यांच्या शेजारी जर्मन, हंगेरियन, पोलिश आणि धर्मछळामुळे रशिया सोडून आलेले लिपोवन येऊन वसले, आणि चेर्नोव्हिट्झ या राजधानीत यहुदी व्यापारी, कारागीर व वकील यांची भरभराट झाली.

या सहवासाचे गोडवे पुष्कळ गायिले गेले आहेत. मला मात्र दफ्तराविषयी बोलायचे आहे. ऑस्ट्रियाची खानेसुमारी प्रत्येकाची व्यवहारभाषा विचारी, पण मान्य भाषांच्या यादीत यिद्दिशला स्थान नसल्यामुळे १९१० साली आठ लाखांच्या वस्तीतले सुमारे एक लाख यहुदी जर्मनांच्या रकान्यात गेले. त्याच सुमारास प्रांतिक कायदेमंडळासाठी वंशवार मतदारसंघ आखण्यात आले. यहुद्यांना स्वतंत्र मतदारसंघ देण्याचे स्थानिक पुढाऱ्यांनी तडजोडीत कबूल केले होते, परंतु व्हिएन्नाने ते मंजूर केले नाही.

माणसे मात्र रकान्यांत मावणारी नव्हती. ओल्हा कोबिल्यान्स्का ही १८६३ साली बुकोविनातच जन्मलेली लेखिका. तिने लेखनाचा आरंभ जर्मनमध्ये केला, आणि पुढे ती युक्रेनियन साहित्यातील अग्रगण्य कादंबरीकार झाली. चेर्नोव्हिट्झच्या ज्या प्रतिष्ठित रस्त्याला ऑस्ट्रियन अमदानीत हेरेनगासे म्हणत, त्याला रुमानियाच्या राजवटीत १९१८च्या रुमानियातील विलीनीकरणाचे पुढारी यांकू फ्लोंदोर यांचे नाव मिळाले, आणि सोव्हिएत अमलात तोच रस्ता कोबिल्यान्स्काचा झाला.

आरंभी केवळ मोजदादीसाठी आखलेला रकाना पुढे माणसाचे प्राक्तन ठरवू लागला, असे माझे स्पष्ट मत आहे. १९४० साली उत्तर बुकोविना सोव्हिएत संघाने घेतल्यावर, जर्मनीशी झालेल्या करारानुसार जर्मन वंशाच्या म्हणून नोंदवलेल्या हजारो कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून जावे लागले. १९४१ साली रुमानियन सैन्य परतले, आणि ऑक्टोबरात चेर्नोव्हिट्झच्या यहुद्यांना एका कोंडवाड्यात लोटून नीस्टर नदीपलीकडे हद्दपार करण्यास प्रारंभ झाला. त्या वेळचे नगराध्यक्ष त्रायान पोपोविच यांनी या हुकुमाला उघड विरोध केला. हे कारागीर, हे वैद्य गेल्यास शहर चालणार नाही, असे वरिष्ठांना निक्षून सांगून त्यांनी सुमारे २०,००० यहुद्यांना शहरात राहण्याचे परवाने मिळवून दिले. वंशाची यादी करणाऱ्या सत्तेशी त्यांनी उपयुक्ततेच्या यादीने झुंज दिली. त्या दिवसांत दुसरे शस्त्र हाती नव्हते, आणि त्यांच्या धैर्याला माझे विनम्र वंदन आहे. १९४२च्या वसंतात त्यांना पदावरून दूर करण्यात आले, आणि जूनमध्ये त्यांच्या सहीचे परवाने रद्दबातल ठरवून आणखी हजारो लोकांना नदीपार धाडण्यात आले.