शेजाऱ्याची प्रार्थना
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मुसलमानांच्या शैक्षणिक संस्थेच्या व्यासपीठावरून मी आज ख्रिस्ती मंडळीच्या श्रद्धेविषयी व उपासनेविषयी बोलणार आहे. विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला वाटेत गाठून विचारले, "सर, हा विषय कशाला? आपल्या मुलांना आधी आपला धर्म नीट कळू द्या." त्यांच्या मनातील काळजी मी समजू शकतो. पण हा विषय मी का निवडला हे प्रथम सांगितले पाहिजे, आणि त्यासाठी मला माझी एक चूक आपल्यापुढे कबूल करावी लागेल.

माझा एक ख्रिस्ती मित्र होता. आम्ही एका बाकावर शिकलो, पुढे एकाच शाळेत शिक्षक झालो. ईदला तो आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला येई, नाताळात त्याच्या घरून करंज्या-अनारशांचे ताट आमच्याकडे येई. चाळीस वर्षे हा परिपाठ चालला. त्याचे वडील वारले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्यांच्या मंडळीच्या छोट्या सभागृहात होती. मी दारापर्यंत गेलो आणि बाहेरच थांबलो. आत काय चालते, आपण गेलो तर चालेल का, कोणी पाहिले तर काय म्हणेल, असे नाना विचार मनात आले. दारापासून त्यांच्या बाकापर्यंत आठ-दहा पावलांचे अंतर होते, ते मला ओलांडवले नाही. नंतर कबरस्तानात मी सर्वांबरोबर मूठमाती दिली. माती देताना मात्र मला कसलाही संकोच वाटला नाही, कारण ती रीत आपल्या ओळखीची होती. मित्र त्याविषयी कधीही एक शब्द बोलला नाही. पण ज्याच्या घरचे अन्न मी चाळीस वर्षे खाल्ले, तो देवापुढे बसून काय मागतो हे मला ठाऊक नव्हते, ही गोष्ट मला आजही टोचते. पुढे एका रविवारी मी त्याला म्हणालो, "मी तुझ्याबरोबर येऊन नुसता बसलो तर चालेल का?" तो हसून म्हणाला, "दार कधी बंद होतं?"

त्या रविवारी आणि पुढेही काही वेळा मी जे पाहिले ते आता सांगतो.

आरंभीच एक शब्द नीट समजून घेऊ. ज्याला आपण चर्च म्हणतो त्याला नगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती लोक 'मंडळी' म्हणतात. मंडळी म्हणजे इमारत नव्हे. एकत्र जमून प्रभूची उपासना करणारी माणसे. इमारत पडली तरी मंडळी राहते. माझ्या मित्राची मंडळी स्वतंत्र आहे. कॅथलिक, अँग्लिकन, मेथॉडिस्ट असे कोणत्याही पंथाचे नाव ती लावत नाही. तिच्यावर बिशपचा अधिकार नाही. पाळक कोण असावा, वर्गणीचा हिशेब कसा ठेवावा, हे सभासदच बसून ठरवतात.

अशी मंडळी नगरच्या मातीत उपरी नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री मुंबईहून 1831 साली नगरला आले आणि 1833 साली येथे पहिली मंडळी स्थापन झाली. हे मिशन ज्या परंपरेतून आले होते, तिच्यातही प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा असाच दंडक होता. पुढे 1970 साली उत्तर भारतातील सहा ख्रिस्ती पंथांनी एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन केले. त्याच्या बाहेर राहून स्वतंत्रपणे उपासना करणारे गटही आहेत. शेजारच्या पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले, तेही कोणा एका पंथाला बांधलेले नव्हते. (विद्यार्थ्यांनी घोटाळा करू नये, नगरजवळचे केडगाव वेगळे आणि दौंड तालुक्यातील हे केडगाव वेगळे.)

आता उपासनेकडे वळू. सभागृह अगदी साधे. समोर लाकडी क्रूस, एक मेज, त्यावर बायबल. मूर्ती नाही, तसबीर नाही. पादत्राणे बाहेर काढायची. एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस डोक्यावर पदर घेतलेल्या स्त्रिया. पुढे सतरंजीवर मुले. प्रथम गाणी झाली. पेटी, ढोलकी, झांज आणि टाळ्या. डोळे मिटून ऐकले असते तर एखाद्या भजनाला बसलो आहोत असे वाटले असते. मग साक्षी झाल्या. साक्ष म्हणजे ज्याला देवाचा अनुभव आला त्याने उभे राहून तो चार लोकांत सांगणे. एकाचा मुलगा आजारातून उठला होता, एकाची दारू सुटली होती. नंतर प्रार्थना. तिचे ठरलेले शब्द नसतात. जो तो आपल्या बोलीत, डोळे मिटून देवाशी बोलतो आणि शेवटी सारे मिळून 'आमेन' म्हणतात. आपले 'आमीन' आणि त्यांचे 'आमेन' हा एकच जुना सेमिटिक शब्द आहे, हे त्या क्षणी कानाला जाणवले.

त्यानंतर पाळकाने बायबलमधला उतारा सांगितला आणि सभागृहभर पाने उलटल्याचा आवाज झाला. प्रत्येकाजवळ आपापले पुस्तक होते. माझ्या पुढच्या रांगेत कडेला एक म्हातारी बाई बसली होती. हात शेतात राबलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ती ओळीखाली बोट धरून पाळकाबरोबर वाचत होती. मधेच पाळकाचा एक शब्द चुकला, तेव्हा तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. या दृश्याकडे मी पुन्हा येणार आहे.

महिन्यातून एकदा 'प्रभुभोजन' असते. येशूने आपल्या शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाचे हे स्मरण. भाकरीचा लहानसा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सर्वांना दिला जातो. बाप्तिस्मा या मंडळीत जाणत्या वयात, स्वतःच्या कबुलीने आणि पाण्यात पूर्ण बुडवून देतात. इतर कित्येक मंडळ्यांत तो तान्ह्या मुलालाही दिला जातो. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाच्या कामी द्यावा, असे शिकवतात; आपल्याला जकातीची आठवण व्हावी. खेड्यांतील मंडळ्यांत सुगीनंतर कापणीचा सण असतो. ज्वारी-बाजरीची पायली, भाजीपाला, अंडी, एखादी कोंबडी, जे ज्याला जमेल ते आणून तो देवापुढे ठेवतो आणि मग त्याचा लिलाव होऊन पैसे मंडळीच्या कामाला लागतात.

श्रद्धेच्या बाबतीत मी गोलमाल बोलणार नाही. हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना आपण अल्लाहचे थोर पैगंबर मानतो. त्यांच्या मातेच्या नावाची सूरह, सूरह मरियम, कुरआन शरीफात आहे, आणि संपूर्ण कुरआनात नावाने उल्लेखलेली स्त्री ती एकटीच. त्यांचा जन्म पित्यावाचून झाला हे आपण आणि ते दोघेही मानतो. पण ख्रिस्ती लोक येशूला देवाचा पुत्र मानतात. तो मानवाच्या पापांसाठी क्रूसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा आहे. येथे आपली आणि त्यांची वाट वेगळी होते. ही वाट वेगळी आहे हे झाकून ठेवण्याने मैत्री वाढत नाही. माझा मित्र मला म्हणे, "तू तुझं धर, मी माझं धरतो, पण कोणी काय धरलंय ते एकमेकांना माहीत असू दे." यापेक्षा अधिक शहाणपण मला कोणत्या ग्रंथालयात मिळाले नाही.

कोणी विचारील, दुसऱ्याची उपासना पाहिल्याने ईमान डळमळत नाही काय? पालकांनो, इस्लामच्या पहिल्या काळातील हबशाची हिजरत आठवा. मक्केतील छळाला कंटाळून आपले लोक इ. स. 615 च्या सुमारास ज्या राजाच्या आश्रयाला गेले तो नज्जाशी ख्रिस्ती होता. त्याच्या दरबारात हजरत जाफर यांनी सूरह मरियमच्या आयती पढल्या, आणि आपल्या सीरतच्या ग्रंथांत लिहिले आहे की ते ऐकून राजाच्या डोळ्यांना पाणी आले. आपले काय आणि त्यांचे काय हे हजरत जाफर यांना पुरते ठाऊक होते, म्हणून ते परक्या दरबारात न अडखळता बोलू शकले. मी दारात अडखळलो तो माझे ईमान पक्के होते म्हणून नव्हे, मला काहीच माहीत नव्हते म्हणून.

आता या जिल्ह्यातील दोन माणसांची आठवण करून देतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद बाबा हे सतराव्या शतकातील संतकवी. मुसलमान घरात जन्मलेल्या या पुरुषाने 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठी ओवीत लिहिला. दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणातील ब्राह्मण घराण्यात जन्मलेले हे कवी 1895 साली ख्रिस्ती झाले आणि त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे नगर व राहुरी येथे गेली. ख्रिस्ती उपासनेतील परकी चाल त्यांना खटके. अभंग, ओवी, कीर्तन यांतून येशूची भक्ती का करू नये, असा त्यांचा आग्रह होता, आणि आज महाराष्ट्रातील मंडळ्यांत त्यांची गीते घरोघर गायिली जातात. अखेरीस 1917 साली मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास गेले व 'देवाचा दरबार' या नावाचा बंधुसंघ त्यांनी काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. येशूचा शिष्य असणे पुरेसे. 1919 साली त्यांचे निधन झाले आणि ते काम अपुरे राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई प्रथम पतीच्या धर्मांतराने कोसळून गेल्या होत्या. सोवळेओवळे आणि जातीची भिंत आपल्या मनातून कशी पडली हे त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात काहीही न लपवता, हसत-रडत सांगितले आहे. मुलींनो, हे पुस्तक तुम्ही अवश्य वाचा.

जातीचा प्रश्न नगरच्या मंडळीपुढे पहिल्यापासून होता. जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांतून आला. एका भाकरीचा तुकडा ब्राह्मणाने आणि महाराने एका पंगतीला बसून घ्यायचा, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. दुष्काळात पोटासाठी धर्म सोडला, अशी टीका त्यांच्यावर झाली व अजूनही होते. पण ज्याला गावात पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्याला कोणी शेजारी बसवून घेतले तर तो तेथे नुसत्या धान्यासाठी बसला, असे म्हणण्याचा अधिकार पाणवठा अडवणाऱ्यांना नाही. आपल्याही मशिदीत सफेत खांद्याला खांदा लागतो. सफ मोडल्यावर बिरादरी आणि जात आठवते की नाही, हे आपण आपल्याला विचारावे.

आणि आता त्या म्हाताऱ्या बाईकडे येतो. तिला वाचता येत होते, याचे कारण तिच्या उपासनेतच आहे. प्रत्येकाने धर्मग्रंथ आपल्या भाषेत स्वतः वाचावा हा ज्यांचा नियम, त्यांना मंडळीच्या शेजारी शाळा काढावीच लागते. नगरला 1842 साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. मिस सिंथिया फरार या अमेरिकन बाई 1839 साली नगरला आल्या आणि 1862 साली येथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली, आणि 1848 साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. 1947 साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले. तेथे आपलीही मुले शिकून मोठी झाली आहेत.

आपल्याला मिळालेला पहिला शब्द कोणता? 'इक्रा', म्हणजे वाच. माझी दादी रोज फजरनंतर कुरआन शरीफची तिलावत करी. तिचा आवाज माझ्या कानात अजून आहे. लहानपणी मी तिला एका आयतीचा अर्थ विचारला. ती म्हणाली, "बेटा, वो तो मुझे किसीने बताया नहीं." तिच्या भक्तीत काहीच कमी नव्हते. कमी आमच्यात होती, कारण घरात चार शिकलेले पुरुष असून तिच्याजवळ बसून अर्थ सांगायला कोणालाही सवड झाली नाही. त्या सभागृहात बोट धरून वाचणारी म्हातारी पाहिली, तेव्हा मला माझी दादी आठवली आणि मान खाली गेली.

म्हणून पालकांनो, आपल्या मुलीला सातवी-आठवीनंतर घरी बसवू नका. तिलावतीबरोबर अर्थही तिला कळेल अशी व्यवस्था करा. उर्दूत करा, मराठीत करा, पण करा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या बाकावरच्या ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध मित्राला विचारा की तुम्ही प्रार्थना कशी करता. ऐकीव गोष्टींवर विसंबू नका. त्याने तुम्हाला नमाजविषयी विचारले तर उत्तर देता येईल इतके आपलेही शिका.

2024 साली आपल्या शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. नाव कोणतेही असो, निजामशहाच्या या गावात मशिदीची अजान, मंदिराची आरती आणि मंडळीची घंटा एकाच हवेत मिसळत आल्या आहेत. माझा मित्र आता या जगात नाही. त्याच्या अंत्यविधीला मी आत जाऊन पहिल्या बाकावर बसलो. त्यांनी त्यांची प्रार्थना केली. मी मनातल्या मनात माझी दुआ मागितली. शेवटी ते 'आमेन' म्हणाले आणि मी 'आमीन' म्हणालो.