सीमेपलीकडचे तिकीट



स्वारगेटहून निपाणी-बेळगावकडे निघालेल्या प्रवाशापुढे दोन सार्वजनिक महामंडळे उभी असतात : महाराष्ट्राची एस. टी. आणि कर्नाटकाचे परिवहन महामंडळ. दोन्ही जनतेच्या पैशावर उभारलेली आणि दोहोंच्या गाड्या एकाच महामार्गाने धावणाऱ्या. पण आरक्षण वेगळे, संकेतस्थळ वेगळे, सवलतींचे नियमही वेगळे. आगगाडीचे तसे नाही. पुण्याच्या खिडकीवर बेळगावचे तिकीट काढताना मध्ये राज्याची सीमा आहे याची आठवणही होत नाही. परंतु निपाणी-संकेश्वरला रेल्वे नाही. तेथील माणसाला बसवाचून गत्यंतर नाही.

सवलतींचाच हिशेब पाहावा. महाराष्ट्राने १७ मार्च २०२३ पासून एस. टी. मध्ये स्त्रियांचे भाडे निम्मे केले, पण राज्याच्या हद्दीपुरते. कागल मागे पडले की पुढे पूर्ण भाडे. कर्नाटकाने ११ जून २०२३ रोजी ‘शक्ती’ योजना आणली. तीत त्या राज्याच्या रहिवासी स्त्रियांना साध्या गाड्यांतून मोफत प्रवास मिळाला. आंतरराज्य गाड्या वगळण्यात आल्या. आता चिकोडीची एखादी मजूर बाई पुण्याला लेकीकडे निघाली असे समजू. कर्नाटकाच्या थेट गाडीत तिला सबंध भाडे मोजावे लागते. तीच बाई निपाणीपर्यंत साध्या गाडीने फुकट आली व तेथे एस. टी. त बसली, तर सीमेपर्यंतच्या थोड्या अंतराचे पूर्ण आणि पुढे स्वारगेटपर्यंत निम्मे भाडे पडते. सलग तिकिटापेक्षा तुकड्यातुकड्यांचा प्रवास स्वस्त, असे हे विपरीत गणित आहे. ते कोणत्याही फलकावर एकत्र मांडलेले नसते. वाहकांना आणि नेहमीच्या प्रवाशांना ते ठाऊक असते. ज्या बाईला त्याची खरी गरज, तिला ते कोणी सांगितले तर कळते.

खासगी आरामगाड्यांचे दर मात्र फोनच्या पडद्यावर एकाखाली एक मांडलेले असतात. दिवाळीत ते किती चढतात हे निराळे सांगायला नको. दोन सार्वजनिक संस्था एकमेकींकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहतात, तेव्हा त्यांचा ग्राहक तिसऱ्याच्या हाती जातो.

मोटार वाहन कायद्याच्या (१९८८) ८८ व्या कलमाप्रमाणे शेजारी राज्ये आपसांत करार करतात. त्यात परवाने मोजले जातात, फेऱ्या आणि किलोमीटर मोजले जातात. प्रवाशाची गणना तेवढी राहून जाते. भाडेवाढीला मात्र कराराचीही गरज पडली नाही! जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाने १५ टक्के आणि महाराष्ट्राने १४.९५ टक्के वाढ केली, तीही एकाच महिन्यात.

सीमाप्रश्न सुटल्याखेरीज हे कसे व्हावे, असा आक्षेप येईल. तो प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये याच स्वारगेटला कर्नाटकाच्या गाड्यांना काळे फासण्यात आले, एस. टी. ने आपल्या फेऱ्या थांबविल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच घडले. गाड्या थांबल्या तेव्हा खोळंबा कोणाचा झाला? बेळगाव-निपाणीच्या ज्या मराठी माणसासाठी हा आवेश, त्याचाच. पोर्तुगीज गोव्यातील लोहमार्ग ब्रिटिश हद्दीतील कंपनी चालवीत असे. जकातीची तपासणी कॅसलरॉक आणि कुळे येथे होई, पण गाडी जात असे. दोन परक्या साम्राज्यांना जे साधले, ते एका प्रजासत्ताकातील दोन राज्यांना अवघड का वाटावे? युरोपात निरनिराळ्या देशांच्या रेल्वे कंपन्यांचा प्रवास एकाच तिकिटावर व्हावा यासाठी कायदा करण्याचे आश्वासन युरोपीय आयोगाच्या अध्यक्षांनी २०२४ मध्ये दिले आहे. तेथे तर भाषा, सरकारे आणि कंपन्या किती तरी!

कार्यकर्त्यांनी आपापल्या आगारप्रमुखाला निवेदन द्यावे. पहिली मागणी बिनखर्चाची आहे : स्वारगेट, कोल्हापूर, निपाणी आणि बेळगाव येथे दोन्ही महामंडळांच्या गाड्या सुटण्याच्या क्रमाने, सवलत वजा करून येणाऱ्या भाड्यासह, मराठीत व कन्नडमध्ये एकाच फलकावर लिहाव्यात. त्यानंतर एकाच खिडकीवर, दोहोंपैकी कोणत्याही गाडीत चालणारे तिकीट मिळावे. उत्पन्नाची वाटणी महामंडळांनी महिनाअखेर आपसांत करावी. त्यासाठी प्रवाशाला दोन रांगांत उभे करण्याचे कारण नाही. आणि स्त्रियांची सवलत कागलला तुटता कामा नये. तिचा भार दोन्ही सरकारांनी आपापल्या हद्दीतील अंतराप्रमाणे उचलावा, हे पुढच्या आंतरराज्य करारात कलम म्हणून लिहून घेतले पाहिजे.