मंगलाष्टकांपुढचे प्रकरण



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावणे धाडले तेव्हा विषय विचारला. आम्ही लगोलग कळविले : 'दिल्लीचे साहित्य संमेलन : एका कादंबरीलेखिकेचे अनुभव'. पत्र गेल्यावर आमच्या ध्यानात आले की, एवढ्याशा मथळ्यातही आम्ही एक शब्द चोरला आहे. तो शब्द 'प्रेमकथा'. आम्ही प्रेमकथा लिहितो. चाळीस वर्षे लिहीत आलो, बावीस पुस्तके झाली. पण चारचौघांत ते सांगावयाची पाळी आली की जीभ अडखळते. आज ती अडखळू द्यायची नाही, असे ठरवून आलो आहो. आमच्या 'आम्ही'तही कोणी थोरपणा पाहू नये. या धंद्यात आमच्यासारख्या पुष्कळ जणी आहेत आणि होऊन गेल्या. एकटीने 'मी' म्हणण्याचा धीर होत नाही, इतकेच.

वसंत ऋतूतल्या व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली घातली. त्यानंतर तीनच वर्षांनी, मे १८७८ मध्ये, त्यांनी आणि लोकहितवादींनी पुण्यातच मराठी ग्रंथकारांची सभा भरविली. आजची साहित्य संमेलने त्या सभेच्या वंशातली. म्हणजे व्याख्यानमाला आणि संमेलन ही दोन्ही एका घरची लेकरे. तेव्हा एकीच्या अंगणात बसून दुसऱ्याची हकीकत सांगण्यात काही वावगे नाही.

अठ्ठ्याण्णवावे संमेलन २०२५ सालच्या फेब्रुवारीत, एकवीस ते तेवीस तारखांना, दिल्लीस तालकटोरा स्टेडियमवर भरले. दिल्लीत यापूर्वीचे संमेलन झाले होते १९५४ साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली. मध्ये सत्तर वर्षे गेली. तालकटोऱ्याशी मराठ्यांचे नाते त्याहून जुने. १७३७ साली दिल्लीवर चालून गेलेल्या बाजीरावाच्या फौजेचा तळ त्याच परिसरात पडला होता. आम्हीही दिल्लीवर चालून गेलो. आमच्या सरंजामात एक शाल, एक थर्मास, गुडघ्याला चोळावयाचे तेल आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या आमच्याच कादंबरीच्या चार प्रती, एवढे होते. त्या प्रती कोणाला द्यावयाच्या हे ठरले नव्हते. पण लेखक मोकळ्या हाताने संमेलनास जात नाही.

पहिल्याच सकाळी चहाच्या रांगेत आमच्यापुढे एक गृहस्थ उभे होते. त्यांनी सौजन्याने विचारले, "आपण काय लिहिता?"

"कादंबऱ्या."

"कोणत्या प्रकारच्या?"

"सामाजिक," आम्ही म्हणालो.

आपल्यापैकी जे वाचनालयांत जातात त्यांना या 'सामाजिक'चा अर्थ ठाऊक असेल. मुखपृष्ठावर पदर उडणारी तरुणी, मागे समुद्र किंवा मोटार, आणि आत पहिल्या पानावर छापलेले : सामाजिक कादंबरी. त्या गृहस्थांनी पुढे विषय विचारला. आम्ही म्हणालो, "कुटुंबसंस्था." त्यांनी आदराने मान डोलावली, आम्हाला आपल्याआधी चहा घेऊ दिला, आणि तो चहा आम्हाला गोड लागला नाही. कोणी अपमान केला असता तर परतफेडीचे उत्तर आमच्यापाशी तयार होते. येथे कोणी काही बोललेच नव्हते. आम्हीच आम्हाला लपविले होते.

आणि लपविण्याचे कारण तरी काय? प्रेमकथेला या मांडवात मज्जाव होता, असे म्हणण्याची सोय नाही. ना. सी. फडके १९४० साली रत्नागिरीच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरुण-तरुणींच्या प्रीतीवर त्यांनी कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. शिवाय ही कारागिरी शिकून घ्यावी लागते असे बजावून १९३१ सालीच 'प्रतिभासाधन' हा ग्रंथ लिहिला. दुसऱ्या बाजूला चंद्रकांत काकोडकरांची कहाणी पाहा. त्यांच्या 'शामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले, आणि अखेर १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरून घेतलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. तेव्हा प्रेमकथाकाराच्या वाट्याला अध्यक्षपदही आले आहे आणि आरोपीचा पिंजराही. चहाच्या रांगेत खोटे बोलण्याइतकी आमची परिस्थिती केविलवाणी खचितच नव्हती.

शिवाय आम्हाला पोसले ते वाचनालयांनी. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले, आणि कादंबऱ्यांना हक्काचे घर मिळाले. योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे यांच्या कादंबऱ्या बायकांनी नंबर लावून वाचल्या. दुपारची भांडी आटोपल्यावर आणि मुले शाळेतून येण्यापूर्वी जो तासभर मिळे, तो या पुस्तकांचा. पुठ्ठ्याची बांधणी सैल झालेली, मधल्या पानावर हळदीचे बोट उमटलेले, अशी प्रत पाहिली की आमच्या लेखी ते मोठे मानपत्र असते.

साहेबांच्या देशात आमच्या जातीच्या लेखकांनी यावर एक उपाय काढला. इंग्लंडात १९६० साली प्रेमकथाकारांची स्वतंत्र संस्था निघाली. अमेरिकेत १९८० साली ह्यूस्टन शहरी तशीच दुसरी निघाली. तिची संमेलने बड्या शहरांतल्या बड्या हॉटेलांत भरत, आणि तेथे मानधन, करारनामे, विक्री यांवर मोकळेपणी बोलणे चाले. त्या अमेरिकन संस्थेने प्रेमकथेची व्याख्याच करून ठेवली : कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवे आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. पुढे त्या संस्थेत वर्णभेदावरून मोठी भांडणे झाली, सभासद गळाले, आणि २०२४ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. असो. ती व्याख्या मात्र आम्हाला पुष्कळ दिवस पटली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती डळमळली.

त्या दुपारी आम्ही ग्रंथप्रदर्शनात हिंडत होतो. एका गाळ्यापाशी एका वृद्ध बाईंनी आमचा दंड धरला. ऐंशीच्या घरातल्या, अंगात स्वेटर, हातात काठी. आमच्या पुस्तकामागे वीस वर्षांपूर्वीचा फोटो छापत असतात. त्यावरून त्यांनी आम्हाला ओळखले, याचे आम्हाला फार कौतुक वाटले. १९६६ साली लग्न होऊन त्या दिल्लीत आल्या. यजमान केंद्र सरकारच्या कचेरीत. प्रथम पहाडगंजात बिऱ्हाड, मग सरकारी क्वार्टर. दर उन्हाळ्यात माहेरी जावयाचे आणि येताना ट्रंकेत पापड-कुरडयांच्या खाली कादंबऱ्या भरून आणावयाच्या, हा त्यांचा नेम. "आमच्या नातीला हिंदीमुळं अक्षर येतं, पण मराठी शब्द अडतात," त्या सांगू लागल्या. "तिला मी तुमचीच पुस्तकं देते. पुढं काय झालं हे कळावं म्हणून तरी अडलेला शब्द विचारते."

आम्ही पिशवीतली एक प्रत काढून सही करू लागलो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "एक विचारू का? रागावू नका हं. तुमच्या बावीसच्या बावीस मी वाचल्या. सगळ्या लग्नाशी येऊन थांबतात."

"वाचकांना तसं आवडतं, मावशी."

"मलाही आवडतं. त्याशिवाय का बावीस वाचल्या? पण माझं लग्न झालं त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली. ती कुठल्या पुस्तकात आहेत? घरात काही बिनसलं ना, की मी तुमचं पुस्तक काढून बसत असे. बघावं, हिनं काय केलं असतं. तर ती आपली अजून कॉलेजातच!"

त्या हसल्या. आम्हीही हसलो. त्यांनी पुस्तक पिशवीत टाकले, आमच्या पाठीवरून हात फिरविला आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या.

अध्यक्षमहाराज, टीका आम्ही पुष्कळ ऐकली आहे. उथळ, पलायनवादी, साचेबंद. हे शब्द आता आम्हाला नातेवाइकांसारखे वाटतात. पण तक्रार ऐकली ती ही पहिलीच. टीकाकार म्हणतो, तुम्ही लिहू नका. या बाई म्हणत होत्या, तुम्ही मध्येच का थांबलात? आणि याचे उत्तर आम्हाला ठाऊक होते, हेच दुखणे. आम्हीही संसार केला आहे. अबोला किती दिवस टिकतो, तो कोण मोडते, मोडताना कोणता फालतू विषय काढावा लागतो, हे आम्हाला फडक्यांच्या पुस्तकात शोधावे लागत नाही. रात्री घर निजल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आम्ही लिहीत असू, आणि दिवसभर जे पाहिले त्यातले काही त्या कागदावर येऊ देत नसू.

त्या संमेलनाच्या अध्यक्षा होत्या डॉ. तारा भवाळकर. १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या, ताराबाई सहाव्या. लोकसाहित्य आणि स्त्रियांनी रचलेले मौखिक वाङ्मय हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. त्यांना व्यासपीठावर पाहताना आमच्या मनात जात्यावरच्या ओव्या आल्या. जातेही बाईचे, वेळही पहाटेची, ऐकणारे कोणी नाही. आणि त्यात काय नाही? माहेरची वाट आहे, दिवाळीला न आलेला भाऊ आहे, सासूचा शब्द आहे, लेकराचा ताप आहे, धन्यावरचा राग आहे आणि त्याच्यावरची मायाही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खेडोपाडी हिंडून अशा लाखावर ओव्या गोळा करविल्या. आम्ही मनाशी म्हणालो, या ओव्यांनाही कोणी वाङ्मय म्हणत नव्हते, आमच्या कादंबऱ्यांनाही म्हणत नाहीत; तेव्हा आम्ही एका पंगतीतल्या. पण हे समाधान फार वेळ टिकले नाही. आमची कादंबरी जेथे संपते, तेथे ओवी सुरू होते. दळणाऱ्या बाईने चोरलेला शब्द आम्ही तरी कधी ऐकला नाही.

आणि ओवीच कशाला? मराठीतली पहिली कादंबरी, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ सालची. तिची यमुना पहिल्या पानापासून विवाहिता आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० सालापासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिचीही नायिका यमुनाच, आणि तिचेही दुःख लग्नानंतरचे. म्हणजे मराठी कादंबरीने डोळे उघडले तेच मुळी सासरच्या ओसरीवर. तिला लग्नमंडपात नेऊन बसविले ते आमच्या वर्गाने.

त्यालाही एके काळी अर्थ होता. फडके लिहू लागले तेव्हा दोन तरुणांनी आपल्या मनाने एकमेकांची निवड करणे हेच मोठे साहस होते. धर्म-जातीच्या पलीकडे नोंदणीने लग्न करण्याची वाट मोकळी करणारा विशेष विवाह कायदा व्हावयास १९५४ साल उजाडले; आणि त्यातही महिनाभराची जाहीर नोटीस आहेच. अशा काळात कथा लग्नाशी थांबली तर तो विजयाचा नगारा होता, आणि ज्यांना आजही घरच्यांचा मार सोसून लग्न करावे लागते त्यांच्यासाठी तो अजून वाजला पाहिजे. आमची चूक निराळी. नगारा कशासाठी वाजतो ते विसरून आम्ही नुसता ठेका धरला. तेविसाव्या कादंबरीचे हस्तलिखित घरी तयार होते; त्याच्याही शेवटच्या पानावर अक्षता पडत होत्या.

दिल्लीहून परतल्यावर आम्ही त्याला एक प्रकरण जोडले. आपण घाबरू नये. कोणाला क्षय झालेला नाही, कोणी विहिरीत उडी घेतलेली नाही. लग्नाला दोन वर्षे झाली आहेत, बदलीचे गाव आहे, आणि आठ दिवस नवराबायको एकमेकांशी बोललेली नाहीत. एवढेच घडते, आणि नवव्या दिवशी कोणीतरी बोलते. शेवट आशेचाच आहे. तेवढी व्याख्या आम्ही सोडलेली नाही. फक्त आशा कशी कमवावी लागते ते दाखविले आहे. हस्तलिखित पाहून एका प्रकाशकांनी सुचविले, "बाई, हे शेवटचं काढून टाकू या. वाचनालयांना मागचाच शेवट बरा." ते धंद्याचे बोलत होते, आणि त्यांचा धंदा त्यांना आमच्याहून अधिक कळतो. आम्ही बाड परत आणले. आता दुसरा कोणी भेटतो का ते पाहावयाचे.

त्या मावशींचा पत्ता आम्ही घेतला नव्हता. पण आमच्या पुस्तकात आमचा छापलेला असतो. दिवाळीच्या सुमारास त्यांचे ख्यालीखुशालीचे पत्र आले. आम्ही ते जोडलेले प्रकरण त्यांना धाडून दिले. महिन्याने उत्तर आले. अक्षर नातीचे, मजकूर त्यांचा. प्रकरण बरे आहे, असे एका ओळीत लिहून पुढे त्यांनी चुका काढल्या होत्या. १९६८ सालच्या क्वार्टरात आम्ही गॅसची शेगडी पेटविली होती. त्या लिहितात, आमच्याकडे तेव्हा घासलेटचा स्टोव्ह होता, आणि अबोल्याच्या दिवसांत त्याला पिना जरा जास्तच माराव्या लागत. त्याखाली नातीने स्वतःची एक ओळ घातली होती : 'अबोला' म्हणजे काय ते आजीने समजावून सांगितले.

आम्ही शेगडी खोडून स्टोव्ह केला आहे. यापुढे कोणी चहाच्या रांगेत विचारले तर आम्ही प्रेमकथा लिहितो असे सांगू, आणि 'सामाजिक' हा शब्द जपून ठेवू. तो लावण्याजोगे एखादे पुस्तक आमच्या हातून होईल तेव्हा लावू.