दिव्याची देवळी

चांद्याकडील जुन्या मातीच्या घरांत दिवा ठेवण्यासाठीं भिंतींत एक लहानशी देवळी राखलेली असे. घर बांधतांनाच तिची जागा ठरे. वारा लागूं नये, पण धूरही कोंडूं नये. मुलांचा हात पोंचूं नये, पण गृहिणीचा सहज पोंचावा. इतका विचार त्या वीतभर पोकळींत सामावलेला असे. पुढें कऱ्हाडजवळील ओगलेवाडी येथें १९१६ सालीं निघालेल्या काचकारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर आला, तेव्हां त्यालाही ओसरीवर खुंटी मिळाली. तिन्हीसांजेला त्याची काच पुसून लखलखीत केली जाई. प्रकाशाचें साधन ही लपविण्याची वस्तु आहे, असें त्या काळीं कोणास वाटलें नाहीं.

आज कंदिलाचें काम इन्व्हर्टर आणि बॅटरी करतात. पण त्यांच्या वांट्यास जिन्याखालची अडगळ येते, नाहीं तर दिवाणखान्याची शोभा जाऊं नये म्हणून त्यांना कपाटांत कोंडण्यांत येतें.

वीज गेल्यावर उपयोगी पडणारें हें साधन चंद्रपुरास कशाला हवें, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या श्रोत्यास पडेल. चंद्रपूरजवळील औष्णिक विद्युत्केंद्र १९८३ पासून वीज निर्माण करीत आहे. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. पण वीज निर्माण होणें निराळें आणि ती शेवटच्या घरापर्यंत अखंड पोंचणें निराळें. १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा बहुतेक भाग अरण्यमय आहे. तेथें विजेच्या तारा कोसच्या कोस झाडींतून जातात. वादळांत एखादें झाड तारेवर कोसळलें कीं आसपासचीं गांवें अंधारांत बुडतात. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडची वाट कित्येक पावसाळ्यांत तुटलेली आहे. अशा वेळीं तार जोडणाराही तेथें पोंचूं शकत नाहीं. इकडे चंद्रपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो. त्या दिवसांत रात्रीं पंखा थांबला म्हणजे तान्ह्या मुलाची, आजारी माणसाची जी तगमग होते, तिला नुसती गैरसोय म्हणतां येणार नाहीं.

अशा रात्रीं बॅटरीनें दगा देऊं नये, ही पहिली अपेक्षा. आणि कपाटांत कोंडलेली बॅटरी नेमका तेव्हांच दगा देते. शिसें व आम्ल यांची बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं सिद्ध केली. आजच्या पुष्कळ घरांत तिचेंच सुधारलेलें रूप आहे. ती भरली जात असतांना तिच्यांतून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायु निघतो आणि आंतील पाणी हळूहळू आटतें. शिवाय पंचवीस अंशांच्या वर तापमान दर दहा अंशांनीं चढलें तर तिचें आयुष्य सुमारें निम्म्यानें घटतें. कपाटाचें दार बंद झालें कीं वायु कोंडतो, उष्णता सांचते आणि पाण्याची आठवण कोणास राहत नाहीं. शोभेसाठीं केलेली सोय अशी जिवावर बेतूं शकते.

मग हें साधन सुंदर दिसूंच नये काय? अवश्य दिसावें. अमेरिकेंतील टेस्ला कंपनीनें २०१५ सालीं ‘पॉवरवॉल’ नांवाची बॅटरी पुढें आणली, ती भिंतीवर उघडपणें टांगण्याजोग्या सुबक रूपांत. आपल्याकडेही आतां लिथियम, लोह व फॉस्फेट यांच्या बॅटऱ्या मिळूं लागल्या आहेत. त्यांत पाणी घालावें लागत नाहीं व भरतांना वायु सुटत नाहीं. शिशाच्या मोठ्या बॅटरीचें वजन पन्नास किलोंच्या आसपास भरतें. तितकेंच काम देणारी ही बॅटरी बारा-पंधरा किलोंत होते. किंमत अधिक पडते हें खरें; आणि उष्णतेपासून हिलाही जपावेंच लागतें.

परंतु सौंदर्याचा आरंभ पेटीपासून होत नाहीं. तो घराच्या भुकेपासून होतो. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांच्या बॅटरींत १,८०० वॅट-तास वीज मावते. शिशाची असल्यास त्यांतील निम्मीच वापरणें हिताचें. जुन्या धर्तीचे ७५ वॅटचे दोन पंखे, तीन एलईडी दिवे व इंटरनेटचें यंत्र यांवर ती सुमारें चार तास पुरते. त्याच जागीं ३० वॅटचे नवे बीएलडीसी पंखे बसविले तर सुमारें आठ तास. म्हणजे चार तासांचीच गरज असेल तर निम्म्या आकाराची पेटी पुरे. आणि लहान वस्तूला घरांत मानाची जागा देणें सोपें जातें.

ती जागा म्हणजे देवळीच. दुपारच्या उन्हानें तापणारी पश्चिमेची भिंत सोडून, ओसरीवर किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर, विटांच्या भिंतींत पेटीहून मोठा कोनाडा करावा. चौकटीला आलापल्लीच्या अरण्यांतला साग आहेच. पुढें बांबूची विरळ जाळी बसवावी, म्हणजे हवा खालून शिरून वर निघेल आणि आंतला खुणेचा दिवा बाहेरून दिसेल. सुपें-टोपल्या विणणारे कुशल बुरूड या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. चंद्रपूरजवळ चिचपल्लीस २०१४ पासून बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. बांबूला कीड लागूं नये म्हणून तो टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणांत मुरवून घ्यावा. मात्र बांबू जळाऊ आहे हें विसरूं नये: जाळी पेटीस टेकवूं नये, चार बोटें अंतर राखावें, ती सहज काढतां यावी आणि तारांचें काम जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावें.

अशी देवळी येतांजातां डोळ्यांसमोर राहते. महिन्यांतून एकदां जाळी काढून धूळ पुसावी, शिशाची बॅटरी असल्यास पाण्याची पातळी पाहावी. पूर्वीची गृहिणी कंदिलाची काच रोज पुशीत असे. या नव्या दिव्याला महिन्याकांठीं घटकाभराची निगा पुरते. वादळाच्या रात्रीं शेजारपाजार अंधारला असतां आजारी माणसाच्या उशाशीं पंखा फिरत राहिला, तर ती निगा सार्थकीं लागली असें समजावें.