पेठेचा संघ, पेठेची वर्गणी

बियाणे म्हटले की जालना, लोखंडी सळई म्हटली की जालना. 'जालना सोने का पालना' हे तर आपल्या आजोबांच्याही तोंडी होते. फुटबॉलचे नाव निघाले की मात्र जालन्याची आठवण कुणाला होत नाही. पण ज्या हैदराबाद राज्यात आपला मराठवाडा 1956 पर्यंत होता, त्या राज्याच्या राजधानीतला संघ एकेकाळी देशात अव्वल होता.

तो संघ म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा 1891 पासूनची. तिथे कोलकात्याच्या बड्या संघांना मागे टाकून या पोलिसांनी 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे चषक नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. पुढे तेच भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवले आणि चौथा क्रमांक मिळवला. त्या सामन्यात नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. 1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा रहीमसाहेब कर्करोगाने पोखरलेले होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

त्यानंतर हैदराबादच्या फुटबॉलला उतरती कळा लागली. संघ होता पोलीस खात्याचा. खात्याने भरती केली, खात्याने पोसले. खात्याचे लक्ष दुसरीकडे वळल्यावर त्याला सावरून धरील अशी गल्ली त्याच्या मागे नव्हती. खात्याच्या जागी कंपनी आली तरी फार फरक पडत नाही. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. 2010 मध्ये मालकांनी तो संघ बंद केला. गोव्यासारख्या फुटबॉलवेड्या प्रदेशातही 2016 साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो पुढे परतला, पण मधली वर्षे गेली ती गेलीच.

आता कोल्हापूरकडे या. त्या गावाचे नाव घेतले की आपल्याला तांबडा-पांढरा रस्सा आणि कुस्ती आठवते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभे राहिले, पेठापेठांतून तालमी नांदल्या. पुढे याच तालमींनी लाल मातीच्या जोडीला फुटबॉल उचलला. म्हणूनच तिथल्या संघांची नावे ऐकून बाहेरचा माणूस चक्रावतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, जुना बुधवार पेठ, संध्यामठ, शिवाजी तरुण मंडळ. ही यादी गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतली वाटावी, आणि बरीचशी ती असतेही! त्यांच्यात एक प्रॅक्टिस फुटबॉल क्लब आहे. अंतिम सामन्यालाही मैदानात 'प्रॅक्टिस'च उतरते, यावर तिथे किती विनोद होत असतील!

यांपैकी एकही संघ देशाच्या मोठ्या लीगमध्ये नाही. त्यांची लीग गावातली, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे लोकांच्या भाषेत केएसएची. वरच्या गटात सोळा संघ. दिवाळीनंतर हंगाम तापू लागतो आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर संध्याकाळचे सामने सुरू होतात. लीग संपली की कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या नावाचा चषक, अशा स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत चालतात. प्रेक्षक तिकीट काढून येतात. आपल्याकडे रस्त्यावरच्या कार्यक्रमालाही तिकीट लावले तर लोक पाठ फिरवतात, आणि तिथे नोकरीवरून, कारखान्यातून सुटलेला माणूस घरी न जाता थेट स्टेडियम गाठतो.

याचे कारण उघड आहे. मैदानातला मुलगा कुणाचा तरी पुतण्या असतो, शेजारचा असतो. संघाचा खर्च पेठेच्या वर्गणीतून, दुकानदारांच्या देणगीतून आणि गल्लीतल्या एखाद्या पुढाऱ्याच्या खिशातून भागतो. एक देणगीदार रुसला तर दुसरा सापडतो. खेळून निवृत्त झालेला माणूस गाव सोडून जात नाही. तो तालमीच्या कट्ट्यावर बसतो आणि नव्या पोरांच्या चुका काढतो. महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळांतून तयार झालेली मुले या संघांत येतात. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीने घडवले हे खरे, पण फुटबॉलची गोडी लागायला कोल्हापूरच्या मुलाला प्रबोधिनीपर्यंत जावे लागत नाही.

सारे गोडच आहे असे मात्र नाही. पेठेची माया जितकी घट्ट, तितकीच पेठेची खुन्नसही. पंचाच्या एका निर्णयावरून प्रेक्षागृहात बाटल्या आणि दगड उडाले, मैदानातली भांडणे रात्री गल्लीत पोचली, पोलीस बंदोबस्तात सामने खेळवावे लागले, असे प्रकार तिथे अनेकदा घडले आहेत. त्यातच काही संघांनी आफ्रिकेतून खेळाडू आणले. खेळ रंगला, पण खर्चही फुगला आणि पेठेतला पोरगा राखीव बाकावर बसला. माझ्या मते या संघांना दंगलीपेक्षा हा धोका मोठा आहे. दंगल पोलीस आवरतात. पेठेचा मुलगाच संघात उरला नाही, तर वर्गणी मागायला कुणाच्या दारात जायचे?

आपल्या जिल्ह्यात हे जमेल का, असे कुणी विचारील. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. मंडळांची आपल्याकडे वाण नाही. गणपतीची वर्गणी गोळा करणारे हात इथेही आहेत. एक बूट नि एक चेंडू एवढ्यावर क्रिकेटच्या मानाने हा खेळ स्वस्तात सुरू होतो. अडते ते जागेपाशी. पूर्ण मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद लागते, म्हणजे सुमारे पावणेदोन एकर. आपल्याकडे शहराभोवती शेते मोडून भराभर प्लॉट पडत आहेत. मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, असा नियम आहे. या हिशेबाने एका लेआऊटच्या मोकळ्या जागेत पूर्ण मैदान बसायचे, तर तो लेआऊट साडेसतरा एकरांचा हवा. इतका मोठा क्वचितच असतो. पण सात-सात जणांच्या खेळाला पंचावन्न बाय सदतीस मीटर चालते, म्हणजे अर्धा एकर. एवढी जागा पाच एकरांच्या लेआऊटमध्येही निघते. ती नकाशावर हिरव्या रंगात दाखवलेलीही असते. आपल्या कॉलनीच्या नकाशात ती कुठे आहे आणि आज तिच्यावर काय उभे आहे, हे नगररचना विभागात जाऊन पाहता येते.