पुस्तकातली चारू आणि पडद्यावरची चारू

परवा वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, चित्रपट पाहिलाय, मग मूळ पुस्तक वाचायलाच हवं का?" मी पडलो शिक्षक! 'हवंच' हे उत्तर अगदी ओठांवर आले होते. पण तेवढ्यात माझीच एक जुनी खोड मला आठवली. पुस्तकावरून काढलेला चित्रपट पाहायला मी जायचो तो मनात जणू वही घेऊनच. हा प्रसंग गाळला, ते पात्र कापले, शेवट बदलला, अशी टिपणे करायची आणि बाहेर पडताना दिग्दर्शकाला नापास करून टाकायचे! ती खोड कशी मोडली, ते आज तुम्हांला सांगतो.

रवींद्रनाथ ठाकुरांची 'नष्टनीड' ही छोटी कादंबरी १९०१ सालची. कलकत्त्यातले सुखवस्तू घर. भूपती आपले इंग्रजी वर्तमानपत्र चालवण्यात गढून गेलेला आणि त्याची पत्नी चारू त्या मोठ्या घरात एकटी. अशात भूपतीचा आतेभाऊ अमल तिथे राहतो, दोघांना लिहिण्यावाचण्याची गोडी, आणि चारूचे मन तिच्याही नकळत त्याच्यात गुंतते. या कथेवरून सत्यजित राय यांनी १९६४ साली 'चारुलता' काढला.

आता अडचण पाहा. घरात आलेली बालवधू कधी तरुण झाली हे भूपतीच्या लक्षातच आले नाही, असे रवींद्रनाथ दोन-चार वाक्यांत सांगून मोकळे होतात. पण 'लक्षात आले नाही' या गोष्टीचे छायाचित्र कसे काढायचे?

राय यांनी काय केले? सुरुवातीची सहा-सात मिनिटे चारू जवळजवळ बोलतच नाही. ती रुमालावर भरतकाम करते, कपाटातून पुस्तक काढते, खिडकीची झडप किलकिली करते. मग हातात धरायचा दांडीचा चष्मा घेऊन या खिडकीतून त्या खिडकीकडे धावते आणि रस्त्यावरचा माकडवाला, पालखी, छत्रीवाला माणूस पाहत राहते. इतक्यात भूपती व्हरांड्यातून जातो. नाक पुस्तकात, बायको शेजारी उभी आहे याचा पत्ताच नाही. ती तोच चष्मा डोळ्यांना लावून त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहते. झाले! रवींद्रनाथांचे वाक्य पडद्यावर उतरले, आणि तेही एक शब्द न उच्चारता.

हा चित्रपट मी घरी आईबरोबर पाहिला. तिला बंगालीचे अक्षरही कळत नाही. ही मिनिटे संपली तशी ती म्हणाली, "अरे, ही तर आमची दुपार!" आम्ही सगळे बाहेर गेलो की आई दुपारभर काय करते, हे मी जन्मात कधी विचारले नव्हते. मनातली वही मी मिटली ती त्या दिवशी.

जुना काळ उभा करणे म्हणजे नुसती झुंबरे टांगणे नव्हे. राय यांनी कथा १८७९-८० या काळात ठेवली. बन्सी चंद्रगुप्त यांनी त्या घराचा देखावा मोठ्या कसोशीने उभारला. पण खरा काळ दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी. १८८० साली विलायतेत लिबरल पक्ष निवडणूक जिंकतो, तेव्हा भूपतीच्या घरी मेजवानी झडते. हजारो मैलांवरची निवडणूक त्याला कळते. शेजारच्या खोलीतले मन कळत नाही. त्या काळच्या सुशिक्षित पुरुषाचे याहून नेमके चित्र कोणते?

बदल मात्र पुष्कळ केले. पुस्तकात चारू दागिने गहाण ठेवून अमलला तार करते आणि तिचे उत्तर भूपतीच्या हाती पडते. पडद्यावर अमलचे पत्र येते, चारू कोसळून रडते आणि परत आलेला भूपती ते पाहतो. पुस्तकाच्या शेवटी भूपती म्हैसूरला निघतो. बरोबर नेण्याविषयी आधी कचरतो, मग 'चल' म्हणतो, तेव्हा चारूच नको म्हणते. चित्रपटात तो दाराशी परत येतो, ती हात पुढे करते, तोही करतो, आणि दोन हातांमध्ये थोडे अंतर असतानाच चित्र थिजते.

मी आईला पुस्तकातला शेवट सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पुस्तकात निदान ती स्वतः नको म्हणाली."

माझा मुद्दा एवढाच आहे. चांगले रूपांतर पुस्तकाची नक्कल करीत नाही. पुस्तकाने जे दुखणे शब्दांत धरले, ते चित्रात धरते. आणि म्हणूनच पुस्तक संपत नाही. चारूचे 'नको' ऐकायचे असेल तर रवींद्रनाथांकडेच जायला हवे, आणि तिची दुपार पाहायची असेल तर राय यांच्याकडे. त्या विद्यार्थिनीला मी हेच सांगितले. तुम्हीही दोन्ही करून पाहा. मात्र मनातली ती वही घरी ठेवा, आणि जमले तर आईला शेजारी बसवा.