बोलणे रक्तात असते काय?



'हे याच्या रक्तातच नाही' असे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकले असेल. बोलणे, शिकणे हे जन्मानेच ठरते काय, याचा तपास विज्ञानाने कसा केला, ते आज आम्ही थोडक्यात सांगणार आहोत.

लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील सुमारे निम्म्या माणसांना स्पष्ट उच्चार करणे व नीट वाक्य जुळवणे जड जात होते. २००१ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांना त्याचे कारण सापडले. फॉक्सपी-२ नावाच्या जनुकात एकाच अक्षराचा बदल झाला होता. लगेच 'भाषेचे जनुक सापडले' असा गाजावाजा झाला.

परंतु हे जनुक एकट्या माणसाचे नाही. ते उंदरात, पक्ष्यांत, चिंपांझीतही आहे. २००२ साली लाइपझिगच्या शास्त्रज्ञांनी त्यापासून बनणारे प्रथिन निरनिराळ्या प्राण्यांत ताडून पाहिले. सातशेहून अधिक दुव्यांच्या त्या साखळीत माणूस व चिंपांझी यांच्यात अवघ्या २ दुव्यांचा फरक निघाला. पुढे २००७ मध्ये हेच दोन बदल निअँडरथल मानवाच्या हाडांतही आढळले. म्हणजे ते आपल्या मानवजातीहून जुने आहेत.

मग हे जनुक करते तरी काय? याचे उत्तर झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्याने दिले. हा आपल्याकडील मुनियाच्या कुळातला. याचे नर पिल्लू मोठ्या नराचे गाणे ऐकून, चुकत चुकत शिकते. २००७ साली बर्लिनमध्ये पिल्लांच्या मेंदूच्या एका भागात या जनुकाचे काम कमी केले, तेव्हा त्यांनी गुरूचे गाणे अर्धवट व अशुद्ध उचलले. पण दुसरी बाजूही ध्यानात घ्या. जनुक धडधाकट असूनही ज्या पिल्लाला मोठ्याचे गाणे ऐकूच दिले नाही, त्याचेही गाणे बिघडलेलेच निघते.

जनुकाला महत्त्व नाही, असे आम्ही म्हणत नाही. लंडनच्या त्या कुटुंबाची अडचण खरीच होती. पण ती एका कुटुंबातील एका अक्षराची चूक होती. तिच्यावरून कोणत्याही समाजाची कुवत मोजता येत नाही. जनुक शिकण्याची सोय करून देते, धडा मात्र कोणीतरी द्यावाच लागतो.

म्हणून यापुढे कोणी रक्ताची गोष्ट काढली, तर त्याला विचारा, या मुलाला वाचून दाखवणारे, त्याची चूक दुरुस्त करणारे कोणी भेटले होते काय? आपल्या अभ्यासिकेत मोठ्या विद्यार्थ्यांनी लहानांना रोज जवळ बसवून वाचून घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.